पितळेची तार मार्चमध्ये: जुन्या सागाचा जडावाचा वाडगा कातताना

लाकडी वाडग्याच्या अंगावर पितळेची तार बसवणं हे हाताच्या कसबाचं काम वाटतं, आणि ते आहेही. पण पुण्यात ती तार टिकणार की नाही हे बऱ्याचदा महिना ठरवतो. ऑगस्टमध्ये बसवलेली देखणी तार एप्रिलमध्ये खाचेतून वर उचकटते आणि मग शिव्या गोंदाला बसतात. गोंद बिचारा निर्दोष असतो.

आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. मार्च-एप्रिलच्या दुपारी ती ३० च्याही खाली उतरते. उघड्यावर पडलेल्या लाकडातला ओलावा या दोन टोकांमध्ये साधारण ६ ते १६ टक्के असा वरखाली होतो. पॉलिश केलेल्या, घरात ठेवलेल्या वस्तूत हा फरक बराच कमी असतो, तरी ३-४ टक्के धरून चालावं. लाकूड त्याच्या रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हलतं. आडव्या वलयांच्या, म्हणजे वाढीची वलयं रुंद बाजूला समांतर असलेल्या, सागाच्या फळीतून काढलेल्या २०० मिलिमीटर व्यासाच्या वाडग्याची रुंदी ४ टक्के ओलाव्याच्या फरकाला सुमारे दीड मिलिमीटर बदलते. म्हणजे आपण पूर्ण गोल कातलेला वाडगा वर्षातून दोनदा किंचित लंबगोल होतो. पितळ काही त्याच्याबरोबर लंबगोल होत नाही.

म्हणून तार, किंवा कुठलाही न हलणारा जडाव, लाकूड सगळ्यात आकसलेलं असताना बसवायचा. पुढे पावसाळ्यात लाकूड फुगलं तर तारेच्या सांध्यात केसाएवढी फट पडते आणि थंडीत ती मिटते. उलटं केलं, म्हणजे फुगलेल्या लाकडात तार घातली, तर उन्हाळ्यात खाच आखूड होते, तारेला जागा उरत नाही आणि ती बाहेर येते. फट परवडते, उचकटलेली तार परवडत नाही.

त्यावरून वर्षाची आखणी आपोआप होते. ओलं लाकूड जून ते सप्टेंबरमध्ये मिळतं आणि कातायलाही सोपं जातं, तेव्हा जाड आकार काढून ठेवायचे. दिवाळी, थंडी हे सगळं वाळवणीत जाऊ द्यायचं. जडाव फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उरकायचा. वळवाचा पहिला पाऊस पडून गेला की नवी खाच पाडायची नाही.

लाकूड

पुण्यात जडावासाठी सगळ्यात चांगलं लाकूड पेठांमधले वाडे उतरवताना निघतं. तुळया, खांब, कडीपाटाच्या कड्या, दारांच्या चौकटी. कित्येक दशकं छपराखाली राहिलेला साग आपल्या हवेला सरावलेला असतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये नवा सागही मिळतो आणि कधीकधी जुनाही. जुना घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली, खिळे. जोरदार लोहचुंबक चारही बाजूंनी फिरवा. लाकडावर काळा डाग दिसला की तिथे लोखंड आहे किंवा होतं असं समजा, कारण लोखंड आणि लाकडातलं टॅनिन मिळून तो काळेपणा येतो. पितळी खिळा चुंबकाला सापडत नाही, त्यासाठी डोळेच वापरावे लागतात.

दुसरी, रंग. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. रंगीत तुकडा कधीही कोरडा घासू नका. वरचा थर रंध्याने किंवा करवतीने काढून टाका, मास्क लावून, आणि तो कचरा वेगळा बांधून टाका.

तिसरी, वलयं. तुळईचं टोक स्वच्छ करून बघा. तुळईच्या पोटात झाडाचा मध्य असेल तर तिथून चिरा पसरलेल्या असतात, तो भाग पूर्ण वगळून एका अंगाचा तुकडा घ्या. आणि पर्याय असेल तर ज्या तुकड्यात वलयं फळीच्या रुंद बाजूला उभी, काटकोनात येतात तो निवडा. उभ्या वलयांचा साग आडव्यापेक्षा निम्म्याहून कमी हलतो. मघाचा दीड मिलिमीटर इथे पाऊण मिलिमीटरच्या आत येतो. जडावाचं निम्मं काम असं लाकूड निवडतानाच होतं.

पहिलेच चार-पाच वाडगे असतील तर साग वाया घालवू नका. वळवाच्या वाऱ्याने सोसायटीच्या आवारात पडलेली रेन ट्रीची, आंब्याची किंवा जांभळाची फांदी सरावाला उत्तम. पडलेली म्हणतोय मी. उभं झाड किंवा त्याची फांदी तोडायची तर १९७५ च्या महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, झाड आपल्या अंगणातलं असलं तरी. आंब्याला भुंगा पटकन लागतो, तेव्हा जाड आकार काढल्याबरोबर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात बुडवून काढा. बाभूळ आणि चिंच कातायला सुंदर, पण कठीण. हात बसल्यावर घ्या.

जडावात उठून दिसायला शिसव आणि हेद ही जोडी पुरते. शिसव काळपट जांभळा, हेद पिवळाधमक, सागावर दोन्ही खुलतात. शिसवाचा भुसा बऱ्याच जणांच्या कातडीला आणि श्वासाला सोसत नाही. शिवाय शिसव ज्या डाल्बर्जिया प्रजातीत येतो ती सगळी २०१७ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबद्दलच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, तेव्हा परदेशी वाडगा विकायचा असेल तर चालू नियम आधी बघा.

यंत्र आणि हत्यारं

बाजारातले छोटे लेथ या कामाला पुरतात. दांड्यावर निदान २५० मिलिमीटर व्यास फिरला पाहिजे, अर्धा ते एक अश्वशक्तीची मोटर हवी आणि वेग मिनिटाला ३०० फेऱ्यांपर्यंत खाली आला पाहिजे. या तिसऱ्या गोष्टीवर तडजोड करू नका. लाटणी, रव्या, पाळण्याचे खूर कातणाऱ्या कातारींचे लेथ लांबट कामासाठी जुळवलेले असतात. त्यांवर वाडगा निघतो, पण वेग कमी करण्याची सोय बहुधा नसते. तरी एखाद्या कातारीजवळ अर्धा दिवस नुसतं उभं राहा. हत्यार टेकणीवर कसं टेकतं, कोपर अंगाला कसं चिकटलेलं असतं, ढलप्या कुठल्या बाजूला उडतात हे पाहून जितकं कळतं तितकं वाचून कळत नाही.

लाकूड पकडायला चार जबड्यांचा स्क्रोल चक, ते स्क्रूंनी बसवायला एक फेसप्लेट, कातायला पन्हळीसारखं बाउल गाउज, खरवडायला एक गोल नाकाचा स्क्रेपर, अरुंद खाच पाडायला एक पार्टिंग टूल. सुरुवातीला एवढंच. हत्यारं हाय स्पीड स्टीलची घ्या. साध्या पोलादाची धार सागावर टिकत नाही, कारण सागात वाळूसारखी सिलिका असते. त्यापायी धारही वारंवार लावावी लागते: आठ इंची ग्राइंडर, ८० ग्रिटचं पांढरं चाक, गाउजला ५५ ते ६० अंश. ढलप्यांच्या जागी पूड पडायला लागली की धार गेली. जोर वाढवू नका, ग्राइंडरकडे जा.

अंगावरचं थोडक्यात. तोंडावर पूर्ण फेस शील्ड, नुसता चष्मा नाही. बाह्या घट्ट, ओढणी-मंगळसूत्र-अंगठी काढलेली, केस बांधलेले. हातमोजे अजिबात नकोत, ते फिरत्या लाकडात ओढले जातात. भुशासाठी एन-९५ मास्क. मोटर सुरू करण्याआधी लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून बघायचं आणि बटण दाबताना लाकडाच्या समोर नाही, बाजूला उभं राहायचं.

जाड आकार

आपल्याला शेवटी २०० मिलिमीटर व्यासाचा, ७० उंचीचा, ८ मिलिमीटर भिंतीचा वाडगा हवा आहे. सुरुवात २२५ ते २३० मिलिमीटरच्या गोल चकतीने करा. एवढ्या रुंदीची तुळई न मिळाल्यास सगळी मापं त्या प्रमाणात कमी करा, १५० चा वाडगाही छान दिसतो.

चकतीच्या ज्या बाजूला वाडग्याचं तोंड येणार तिथे फेसप्लेट जाड स्क्रूंनी बसवा. वेगाचा ठोकताळा सोपा आहे: इंचातला व्यास गुणिले मिनिटाचे फेरे हे उत्तर ६००० ते ९००० मध्ये राहू द्या. नऊ इंची चकतीला ७०० ते १०००. पण चकती अजून वाकडी आहे, थरथरते आहे, तेव्हा ५०० वर सुरू करा आणि गोल झाल्यावर वाढवा.

बाहेरचा आकार तळाकडून तोंडाकडे, म्हणजे लहान व्यासाकडून मोठ्याकडे काततात. असं केल्याने कापल्या जाणाऱ्या रेषांना मागून आधार मिळतो. धारेची मागची उतरण आधी लाकडावर टेकवा, नुसती घासू द्या, मग मूठ हळूच वर उचला, कापायला सुरुवात होईल. एका फेऱ्यात दोनदा गाउज रेषा तोडून कापतो आणि दोनदा रेषांच्या बाजूने. ज्या दोन ठिकाणी रेषा तुटतात ती टोकाची बाजू. तिथेच लाकूड उपटलं जातं, आणि तारेच्या वेळी याच दोन जागा पुन्हा कामाला येणार आहेत, म्हणून पेन्सिलने खूण करून ठेवा.

तळाला जबड्यांना धरण्यासाठी ५ ते ६ मिलिमीटर उंचीचा गोल उंचवटा, म्हणजे टेनन, सोडा. मग वाडगा उलटवून चकमध्ये धरा आणि आतून पोखरा, काठाकडून मध्याकडे. ओल्या लाकडाची भिंत व्यासाच्या दहाव्या हिश्शाएवढी, म्हणजे साधारण २२ मिलिमीटर ठेवा. त्याहून पातळ केलीत तर वाळताना वाकडा झालेला वाडगा पुन्हा गोल कातायला लाकूड उरत नाही. जाड ठेवलीत तर चिरतो. जुन्या तुळईचा साग वाळलेलाच असतो, तरी पोखरल्यावर त्यातले ताण सुटतात. त्यालाही जाड आकारात महिनाभर स्वस्थ बसू द्या.

वाळवण

ओल्या वाडग्याच्या टोकाच्या बाजूंना मेण किंवा जाडसर इमल्शन पेंट लावा. पाणी तिथूनच झपाट्याने उडतं आणि चिरा तिथेच सुरू होतात. तळावर तारीख आणि वजन लिहा. खाकी पिशवीत घालून पंख्यापासून, उन्हापासून दूर, फरशीवर ठेवा. पहिल्या दोन आठवड्यांत पिशवी ओलसर झाली तर बदला, नाहीतर बुरशी धरते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा इथे ओलावा मोजायच्या महागड्या यंत्राचं काम करतो. दर आठवड्याला वजन करायचं, आणि दोन आठवडे वजन हललं नाही की वाडगा हवेच्या बरोबरीला आला. जुलैत काढलेला आंब्याचा आकार जानेवारीपर्यंत या टप्प्यावर येतो.

पण डिसेंबरमध्ये वजन थांबलं म्हणून लगेच जडावाला बसू नका. हवा अजून कोरडी व्हायची आहे, मार्चमध्ये तोच काटा आणखी काही ग्रॅम खाली दाखवतो.

पुन्हा गोल, आणि खाच

वाळलेला वाडगा लंबगोल झालेला असतो. तोंड एखाद्या लाकडी तबकडीवर टेकवून, टेलस्टॉकने, म्हणजे लेथच्या दुसऱ्या टोकाच्या सरकत्या आधाराने, मागून दाबून आधी टेनन पुन्हा गोल करा. मग टेनन चकमध्ये धरून बाहेरचा आकार अंतिम मापाला आणा. आत हात लावू नका. भिंत अजून १५ मिलिमीटरच्या आसपास आहे आणि ती तशीच हवी. जडावाचं सगळं ठोकणं, दाबणं, घासणं या जाड भिंतीवर होतं, पातळ भिंत थरथरते आणि खाचेच्या कडा तुटतात.

बाहेरची बाजू स्क्रेपरने साफ करून १८० नंबरपर्यंत पॉलिशपेपर मारा. त्यावर चपडा लाखेचा पातळ हात द्या: १०० मिली स्पिरिटला १० ग्रॅम लाख, रात्रभर विरघळवून फडक्याने गाळलेली. ही पायरी अनेकजण गाळतात आणि नंतर पितळेची काळी पूड सागाच्या भोकांत शिरली म्हणून हळहळतात. लाखेने भोकं बंद होतात, आणि पुढे वापरायच्या पातळ इन्स्टंट गोंदाचे डागही टोकाच्या बाजूला पसरत नाहीत.

आता तारेची खाच. तार १६ गेजची, म्हणजे १.६ मिलिमीटर जाडीची पितळी. रविवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानांत वजनावर मिळते. तिच्यासाठी खाच १.५ मिलिमीटर रुंद आणि १.२ खोल पाडायची, म्हणजे तार दाबून बसेल आणि थोडी वर राहील. एवढं अरुंद पार्टिंग टूल तयार मिळत नाही. मोठ्या यंत्राच्या हॅकसॉच्या जुन्या पात्याचा तुकडा घ्या, दोन्ही अंगं घासून टोक १.४ मिलिमीटर करा आणि लाकडी मूठ बसवा. टोकाच्या मागे पातं जरा आणखी बारीक करा, नाहीतर ते खाचेत घासून तापतं.

काठाखाली १५ मिलिमीटरवर, वाडगा ६०० फेऱ्यांवर फिरत असताना, पेन्सिल टेकवून रेघ ओढा. पातं टेकणीवर सपाट ठेवून सरळ आत घाला, किंचित डावी-उजवी हालचाल करा. तुटक्या तारेचा तुकडा खाचेत दाबून माप बघा. बोटाने दाबून अर्धा बसला आणि पुढे अडला, की खाच बरोबर. सहज बसला तर खाच रुंद झाली, मग तिथे तार नको, पुढे सांगितलेला पितळेचा कीस भरा.

तार

२०० मिलिमीटर व्यासाचा घेर ६२८ मिलिमीटर. तार एका सलग तुकड्यात बसवायची नाही, दोन अर्ध्यांत बसवायची, आणि दोन्ही सांधे त्या खूण केलेल्या टोकाच्या बाजूंना आणायचे. कारण घेराची लांबी बदलते ती तिथेच. वाडगा रुंदीत फुगला की बाजूच्या भिंती नुसत्या बाहेर सरकतात, टोकाच्या बाजूची भिंत मात्र तारेच्याच दिशेने ताणली जाते. सांधा तिथे असला तर तो ताण सांध्यात जिरतो. सांधा भलतीकडे ठेवला तर तार मधूनच सुटते.

सांध्याच्या दोन्ही जागी तार बसवण्याआधी ४ मिलिमीटरच्या ड्रिलने ३ मिलिमीटर खोल भोक पाडा आणि शिसवाची टिकली साध्या लाकडी गोंदाने बसवा. पावसाळ्यात पडणारी फट टिकलीच्या काळ्या कडेला लपते. आणि जुलैत ती फट दिसली तरी भरू नका. हिवाळ्यात ती आपोआप बंद होते. भरलेली फट मात्र पुढच्या उन्हाळ्यात तारेला बाहेर ढकलते.

तार नरम करून घ्या. गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवायची, उजेडात हा लाल रंग दिसत नाही म्हणून खोलीत अंधार करायचा, आणि थंड होऊ द्यायची. आता ती हाताने वळते. थिनर किंवा ॲसिटोनने तार पुसा, खाचही पुसा. साग तेलकट असतो, पुसल्यानंतर काही मिनिटांतच गोंद लावला नाही तर तेल पुन्हा वर येतं. खाचेत पातळ इपॉक्सी फार थोडी, काडीच्या टोकाने. एका टिकलीपासून सुरुवात करून तार बसवत या, प्रत्येक बोटभर अंतरावर नायलॉनच्या किंवा लाकडी हातोडीने हलके ठोका. लोखंडी हातोडीचे घाव सागावर उमटतात. चकचा दांडा लॉक असू द्या आणि ठोकताना भिंतीला आतून लाकडी ठोकळ्याचा टेकू द्या. शेवटचं टोक टिकलीला भिडण्याआधी कानसीने घासून मापाला आणा, ओढूनताणून नाही.

उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीची तारकशी पाहिली असेल, तर तिथे शिशमात चपटी पितळी तार आडवी ठोकून, पसरून घट्ट करतात, गोंदाविना. सपाट पाटावर ती पद्धत अप्रतिम आहे. फिरत्या गोल वस्तूवर मी थोडी इपॉक्सी घालायच्या बाजूचा आहे, कारण पुढे तार लेथवर सपाट करायची असते, आणि सुटलेलं टोक ८०० फेऱ्यांवर बोटं चिरतं.

चोवीस तासांनी वर राहिलेली तार सपाट करा. वेग ४००, बारीक दातांची कानस फिरत्या दिशेला तिरकी. लाकडाला कानस टेकायच्या बेतात आली की थांबा आणि बाकीचं धारदार स्क्रेपरने.

किसाची पट्टी

तारेखाली १० मिलिमीटर सोडून ४ मिलिमीटर रुंद, अडीच ते तीन खोल दुसरी खाच. आत तळाशी ती वरच्या उघड्या बाजूपेक्षा किंचित रुंद ठेवा, म्हणजे भरण अडकून राहतं. यात पितळेचा कीस भरायचा.

कीस विकत घेण्याची गरज नाही. डुप्लिकेट चाव्या करणाऱ्याच्या यंत्राखाली तो साचलेला असतो, आणि चांगल्या शब्दांत मागितला तर बहुधा फुकट मिळतो. घरी आणून कागदावर पसरा, चुंबक फिरवून लोखंड काढा, चहाच्या गाळणीतून चाळा. काही चाव्यांवर निकेलचा मुलामा असतो, त्याचे चंदेरी ठिपके येतात. मला ते आवडतात. नको असतील तर मुलामा नसलेल्या चाव्यांचा कीस वेगळा मागा.

भिंत उभी असल्यामुळे सगळी पट्टी एकदम भरता येत नाही, खालचा कीस गळतो. वाडग्याचा वर आलेला तिसरा हिस्सा भरा: कोरडा कीस खाचेत दाबा, लाकडी काडीने ठासा, मग पातळ इन्स्टंट गोंद थेंबाथेंबाने सोडा. गोंद किसात शोषला जातो आणि कीस खाली बसतो, त्यावर पुन्हा कीस, पुन्हा थेंब, कडेपेक्षा जरा वर येईपर्यंत. वाफ डोळ्यांना झोंबते, खिडकी उघडी ठेवा आणि वाकून बघू नका. घट्ट झाल्यावर चक फिरवून पुढचा तिसरा हिस्सा. लवकर वाळावं म्हणून मारायचा स्प्रे जपून, जास्त झाला की गोंद पांढरा, फेसाळ होतो.

किसाऐवजी दगडाचा चुरा हवा असेल तर पुण्याइतकी श्रीमंत जागा नाही. दख्खनच्या बेसाल्टमधल्या पोकळ्यांत झिओलाइटचे स्फटिक भरलेले असतात. स्टिल्बाइटचा पीचसारखा रंग शिसवाच्या वाडग्यावर फार सुंदर दिसतो, सागावर मात्र हरवतो. तो मऊही आहे, स्क्रेपरला दाद देतो. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट बघून हात शिवशिवतो, पण त्यात व्हॅनेडियम आहे, आणि जगभरचे संग्राहक ज्याच्या शोधात असतात तो स्फटिक खलबत्त्यात घालणं बरं नाही. मॅलाकाइट आणि शिंपल्याची पूडही टाळा, दोन्हींची धूळ फुप्फुसांना वाईट. दगडाच्या चुऱ्याला इन्स्टंट गोंदापेक्षा सावकाश वाळणारी इपॉक्सी चांगली: चुरा इतका घालायचा की मिश्रण पाट्यावरच्या चटणीसारखं उभं राहील. वरून रुंद चिकटपट्टी ओढून रात्रभर ठेवा.

किसाची पट्टी सपाट करताना स्क्रेपरची धार दर दोन मिनिटांनी जाते. पर्याय नाही.

आतलं पोखरण

जडाव सपाट झाला, त्यावर लाखेचा आणखी एक हात बसला, की मगच आत वळा. इथला धोका एकच, पण जीवघेणा: बाहेरची खाच तीन मिलिमीटर खोल आहे हे डोक्यातून जातं. भिंत ८ मिलिमीटर राखली तर खाचेमागे ५ उरतात. कॅलिपरने काठाखाली १५, २५ आणि ३५ मिलिमीटरवर भिंत मोजत जा, लेथ थांबवून. काठाकडून एकेक टप्पा पूर्ण करा, पहिले ३० मिलिमीटर अंतिम जाडीला आणून संपवा आणि मग खोल जा. तळ पोखरल्यावर पुन्हा काठाला हात लावायला गेलात तर पातळ काठ कंप पावतो आणि गाउज उडतो.

घासणं आणि पॉलिश

१८०, २४०, ३२०, ४०० नंबरचे पॉलिशपेपर. वेग ३०० ते ४०० पेक्षा वर नेऊ नका आणि कागद बोथट झाला की फेकून द्या. पितळ तापतं आणि इन्स्टंट गोंद उष्णतेने सैल पडतो. बोटाला चटका जाणवला तर तारेला तो आधीच बसलेला असतो. बाभळीवर किंवा चिंचेवर काम करत असाल तर स्टील वूल वापरू नका, त्याचे तुकडे पुढे ओल लागली की काळे ठिपके देतात.

पॉलिशला मी चपडा लाखच घेतो. १०० मिली स्पिरिटला २० ग्रॅम, सुती कापडाच्या बोचक्याने, पातळ पातळ हात, दोन हातांमध्ये तासभर. लाखेखाली पितळ काळवंडत नाही. हेही काम कोरड्या दिवसांतच करा, दमट हवेत लाख पांढरी पडते आणि पॉलिशवाले पावसात काम का नाकारतात ते कळतं. जवसाचं उकळलेलं तेल लावणार असाल तर तेलाची फडकी चुरगाळून कचऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेटतात. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

तळ आणि वापर

टेनन काढायला वाडगा उलटा करून लाकडी तबकडीवर दाबा, मधे फोमचा तुकडा, मागून टेलस्टॉक. टेनन कातून तळ मध्याकडे एक मिलिमीटर खोलगट करा. सपाट तळ लाकूड हललं की डुगडुगतो, कडेवर टेकलेला डुगडुगत नाही. मधला अंगठ्याएवढा खुंट पटाशीने उडवून हाताने घासा.

असा वाडगा सुका मेवा, सुपारी, चाव्या, पत्र्याच्या डबीतलं हळदकुंकू यांना चांगला. चिंच, कोकम, लोणचं, दही यांपैकी काहीही त्यात नको, आंबट पदार्थ पितळेला खातो. भाकरीचं पीठ मळायची काटवट वेगळी आणि बिनजडावाची. पाण्यात बुडवायचा नाही, पितांबरी लावून घासायचा नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसायचा आणि दोन-तीन वर्षांनी, उन्हाळ्यात, लाखेचा एक पातळ हात द्यायचा.